यूरो ट्रक सिम्युलेटर २ : स्वतः केलेले रंगकाम केबिन बदलली की का फाटते आणि अक्षरे उलटी का उमटतात

यूरो ट्रक सिम्युलेटर २ या ट्रक चालवण्याच्या संगणक-खेळात स्वतःच्या हाताने रंगकाम बनवणाऱ्यांना एक अडचण पुन्हा पुन्हा भेटते. स्कॅनिया ट्रकच्या उंच केबिनवर नक्षी अगदी नेमकी बसलेली असते, पण खेळातल्या वर्कशॉपमध्ये जाऊन कमी उंचीची केबिन निवडली की पट्टा दाराच्या मधोमध तुटतो, छपरावरची फुले काचेच्या कडेला येतात, बाजूच्या स्कर्टवरचे (चाकांमधल्या खालच्या आवरणावरचे) नाव आरशात पाहिल्यासारखे उलटे दिसते आणि सनशील्ड (काचेच्या वरची सावलीची पट्टी) मात्र कोरे राहते. मग चित्र उघडून पट्टा थोडा वर सरकवला जातो, पुन्हा खेळ सुरू केला जातो, आणि आता पहिली केबिन बिघडलेली असते. माझे दोन रविवार या सरकवासरकवीत गेले. दोष चित्रात नव्हताच, आणि तो चित्रात नसतो हे आधी कळले असते तर ते दोन्ही दिवस वाचले असते.

या खेळातील रंगकाम म्हणजे गाडीवर चिकटवलेले एक चित्र नव्हे. त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींना जोडलेल्या असतात. पहिली म्हणजे एसआयआय प्रकारची व्याख्या-फाइल, जी रंगकामाचे नाव, किंमत, मूळ रंग आणि चित्राचा पत्ता सांगते. दुसरी म्हणजे डीडीएस प्रकारचे प्रत्यक्ष चित्र, ज्याच्याकडे टीओबीजे नावाची एक छोटी फाइल बोट दाखवते. तिसरी गोष्ट आपल्या हातात नसते : गाडीच्या प्रत्येक भागाचा पृष्ठभाग त्या चित्राच्या कोणत्या जागेवर उलगडून ठेवला आहे, म्हणजेच त्याची यूव्ही मांडणी. बिघाड या तिघींपैकी कोणत्या ठिकाणी आहे हे ठरवल्याशिवाय चित्राला हात लावू नये, एवढेच या लेखाचे सांगणे आहे. बाकी सर्व त्याचा तपशील.

आधी रंग लावण्याच्या दोन पद्धतींमधला फरक स्पष्ट असावा, कारण निम्म्या तक्रारी त्यांच्या गल्लतीतून येतात. व्याख्या-फाइलमध्ये 'एअरब्रश' या ओळीपुढे 'ट्रू' लिहिले असेल, तर चित्रातील रंग जसेच्या तसे गाडीवर येतात आणि चित्राचा अल्फा थर, म्हणजे पारदर्शकतेचा थर, ठरवतो की कुठे चित्र दिसावे आणि कुठे खालचा मूळ रंग. तिथे 'फॉल्स' असेल, तर चित्र हे चित्र राहत नाही, ते मास्किंग टेपचे काम करते : त्यातला लाल, हिरवा आणि निळा थर म्हणजे तीन स्वतंत्र साचे होतात आणि त्या तीन जागी कोणते रंग भरायचे ते खेळाडू वर्कशॉपमध्ये स्वतः निवडतो. गॅरेजमधला रंगारी आधी पहिला हात मारून मग टेप लावतो आणि दुसरा हात मारतो, तसाच हा प्रकार आहे. रंगीत नक्षी काढून 'फॉल्स' ठेवले, की पिवळ्या फुलांच्या जागी भलतेच मिश्रण दिसते, कारण पिवळा म्हणजे खेळाच्या दृष्टीने लाल आणि हिरवा साचा एकाच वेळी उघडा. खेळाडूला रंग बदलता यावेत अशी इच्छा असेल तर साच्यांची पद्धत घ्यावी. देवाचे चित्र, छटा, सावल्या हव्या असतील तर एअरब्रश. दोन्हींचे फायदे एकाच फाइलमध्ये मिळत नाहीत.

पहिली तपासणी : लॉग फाइल

डॉक्युमेंट्समधील यूरो ट्रक सिम्युलेटर २ या फोल्डरात 'गेम' नावाची लॉग फाइल, म्हणजे खेळाने स्वतःच्या कामाची ठेवलेली नोंद, असते. प्रत्येक वेळी खेळ सुरू होताना ती नव्याने लिहिली जाते, म्हणून बिघाड दिसल्यावर खेळ बंद करून लगेच ती उघडावी. पुन्हा खेळ सुरू करून मग पाहिली तर आधीचा पुरावा पुसलेला असतो. तिच्यात 'एरर' हा शब्द शोधून त्या ओळीत आपल्या मॉडच्या (खेळात आपण घातलेल्या भरीच्या) फाइलचे नाव येते का ते पाहावे. नाव येत असेल तर दोष पहिल्या किंवा दुसऱ्या जोडणीत, म्हणजे व्याख्येत किंवा चित्राच्या पत्त्यात आहे. लॉग स्वच्छ असूनही नक्षी वेडीवाकडी दिसत असेल तर दोष बहुधा तिसऱ्या जोडणीत, म्हणजे यूव्ही मांडणी आणि आपले चित्र यांच्या मेळात असतो. या एका पायरीने निम्मे काम होते आणि नेमकी हीच पायरी बहुतेक जण गाळतात.

लॉगमध्ये सापडणाऱ्या चुकांपैकी एक सांगण्यासारखी आहे. रंगकामाच्या अंतर्गत नावाचा प्रत्येक तुकडा रोमन लिपीतील लहान अक्षरे, अंक आणि अंडरस्कोर यांचाच असावा लागतो, आणि त्याची लांबी १२ चिन्हांपलीकडे जाऊ शकत नाही. मी पहिल्या ट्रेलरला 'तुळजाभवानी' हे नाव रोमनमध्ये दिले होते. ते मोजून बरोबर १२ अक्षरांचे होते आणि निमूटपणे चालले. दुसऱ्या ट्रेलरसाठी त्याच नावापुढे फक्त १ हा अंक जोडला आणि रंगकाम यादीतूनच नाहीसे झाले. तेरावे चिन्ह चालत नाही हे लक्षात येईपर्यंत मी चित्र, टीओबीजे आणि आयकॉन या तिन्ही फाइली नव्याने बनवून झालो होतो.

चित्राचा पत्ता चुकण्याचा प्रकारही नेहमीचा आहे. टीओबीजे ही बायनरी फाइल असते आणि तिच्या पोटात डीडीएस फाइलचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. दुसऱ्या रंगकामाची टीओबीजे उचलून तिचे नाव बदलले, तरी आतला पत्ता जुनाच राहतो. त्यामुळे नवे रंगकाम निवडल्यावर जुनीच नक्षी गाडीवर येते किंवा काहीच येत नाही. तो पत्ता साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये बदलण्याचा मोह टाळावा, कारण पत्त्याची लांबीही त्याच फाइलमध्ये आकड्याने नोंदलेली असते आणि एक अक्षर कमी-जास्त झाले की फाइल निकामी होते. मॉड्स स्टुडिओ २ सारख्या साधनातून ती नव्याने तयार करून घेणे हा सरळ मार्ग आहे.

रंगकाम यादीतच येत नसेल आणि लॉगमध्येही काही नसेल, तर मॉडची झिप (एकत्र बांधलेली फाइल) उघडून पाहावी. मॅनिफेस्ट फाइल, म्हणजे मॉडची ओळख सांगणारी फाइल, झिपच्या अगदी वरच्या पातळीवर हवी. फोल्डरसकट झिप केल्यामुळे ती एक पायरी आत जाऊन बसते आणि खेळाला मॉडची ओळखच पटत नाही. चाचणीच्या काळात तर झिप करूच नये. मॉड फोल्डरात उघडे फोल्डर ठेवले तरी खेळ ते मॉड म्हणून स्वीकारतो आणि प्रत्येक बदलानंतरची खटपट वाचते.

केबिन बदलल्यावर तुटणारी नक्षी

आता मुख्य अडचणीकडे. एकाच ट्रकच्या वेगवेगळ्या केबिन हे वेगवेगळे मॉडेल असतात. उंच छपराच्या केबिनचा पृष्ठभाग जास्त असतो, त्यामुळे चित्राच्या चौकोनात त्याने व्यापलेली जागाही वेगळी असते. एका केबिनसाठी रंगवलेले चित्र दुसऱ्या केबिनवर तसेच ताणले, की दाराचा पट्टा छपराच्या भागात घुसतो. चित्र सरकवून दोन्ही केबिनना खूश करता येत नाही, कारण प्रश्न एकाच कागदावर दोन नकाशे छापण्याचा आहे.

यावर दोन उपाय आहेत. पहिला कामचलाऊ आहे : व्याख्या-फाइलमध्ये 'सूटेबल फॉर' या यादीत फक्त त्याच केबिनचे नाव द्यावे, ज्यासाठी चित्र काढले आहे. मग दुसऱ्या केबिनवर ते रंगकाम लागतच नाही आणि फाटकी नक्षी दिसण्याचा प्रश्न उरत नाही. दुसरा उपाय मेहनतीचा, पण खरा आहे : प्रत्येक केबिनसाठी वेगळे चित्र काढावे आणि प्रत्येकासाठी वेगळी व्याख्या-फाइल लिहावी. दर्शनी नाव एकच ठेवले तरी चालते, अंतर्गत नावे मात्र वेगळी हवीत. खेळाडूला वर्कशॉपमध्ये एकच रंगकाम दिसते, कारण त्याच्या केबिनला न जुळणारी बाकीची आपोआप गळतात.

सनशील्ड, बंपर, साइड स्कर्ट, डिफ्लेक्टर (वारा वळवणारा पत्रा) यांची गोष्ट आणखी वेगळी. हे सुटे भाग केबिनच्या चित्रावर अवलंबून असतीलच असे नाही. त्यांच्यासाठी 'पेंट जॉब' फोल्डरात 'ॲक्सेसरी' नावाचे उपफोल्डर करून, रंगकामाच्याच नावाची फाइल ठेवता येते आणि तिच्यात 'सिंपल पेंट जॉब डेटा' या प्रकारच्या नोंदी लिहून 'या या भागांना हे चित्र लाव' असे सांगता येते. सनशील्ड कोरे राहते ते बहुतेक वेळा ही फाइल नसल्यामुळे, किंवा भागाचे नाव त्या यादीत लिहायचे राहिल्यामुळे. भागांची अचूक नावे अंदाजाने लिहू नयेत; खेळाची डेफ अर्काइव्ह (व्याख्या-फाइलींचा गठ्ठा) अधिकृत एक्स्ट्रॅक्टरने, म्हणजे ती उलगडणाऱ्या साधनाने, उघडून त्या ट्रकच्या ॲक्सेसरी फोल्डरातून ती उतरवून घ्यावीत. इथे आणखी एक गोष्ट तपासावी : काही भाग वर्कशॉपमध्ये 'प्लास्टिक' आणि 'रंगीत' अशा दोन रूपांत मिळतात. प्लास्टिकचे रूप लावलेले असेल तर जगातली कोणतीही व्याख्या-फाइल त्याला रंग देणार नाही. हे इतके साधे आहे की सांगायला संकोच वाटतो, पण सनशील्डच्या तक्रारी पाहताना मी आता सर्वप्रथम हेच विचारतो.

चित्रातील कोणती जागा गाडीवर नेमकी कुठे येते हे शोधण्यासाठी टेम्प्लेट (गाडीच्या भागांचा तयार आराखडा) मिळाले तर उत्तम. नसेल तर चाचणीची जाळी स्वतः करावी. ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेलच्या चित्रात ५१२ पिक्सेलच्या चौकटी आखल्या की ८ ओळी आणि ८ रकाने, म्हणजे ६४ घरे मिळतात. प्रत्येक घराला वेगळा रंग आणि क्रमांक देऊन ते चित्र एअरब्रश पद्धतीने गाडीवर चढवावे आणि गाडीभोवती कॅमेरा फिरवून कोणते घर कुठे आले ते वहीत लिहून घ्यावे. एक छोटी सूचना : नुसते देवनागरी अंक लिहून भागत नाही, कारण ० आणि ४ हे अंक आरशातही जवळपास तसेच दिसतात आणि घर उलटे आले आहे की सुलटे हे कळत नाही. प्रत्येक अंकाआधी 'ग' लिहावा. त्याचा काना उजवीकडून डावीकडे गेला की फसगत लगेच उघडी पडते.

उलटी अक्षरे

जाळीत 'ग' उलटा आला, तर त्या भागाच्या डाव्या आणि उजव्या बाजू चित्राच्या एकाच जागेवर ठेवलेल्या आहेत असे समजावे. चित्राची जागा वाचवण्यासाठी मॉडेल बनवणारे समरूप भागांच्या बाबतीत असे करतात आणि साध्या रंगासाठी त्यात काही बिघडत नाही. अक्षरांचे मात्र हाल होतात : एका बाजूला नाव सुलटे आले की दुसऱ्या बाजूला ते उलटे येणारच. यावर व्याख्या-फाइलमध्ये 'अल्टरनेट यूव्हीसेट' ही ओळ 'ट्रू' करून पाहावी. ज्या भागांना नक्षीसाठी दुसरी, स्वतंत्र मांडणी दिलेली असते, तिथे ती वापरली जाते आणि दोन्ही बाजू वेगळ्या होतात. ही ओळ बदलली की सगळी घरे हलतात, म्हणून जाळीची चाचणी पुन्हा करावी लागते. अर्धे चित्र रंगवून झाल्यावर ही ओळ आठवणे फार महागात पडते. ज्या भागाला दुसरी मांडणीच नाही, तिथे अक्षरे लिहिण्याचा हट्ट सोडावा आणि वेल, पट्टा, कमळ अशी दोन्हीकडून सारखी दिसणारी नक्षी घ्यावी.

देवनागरी अक्षरांची स्वतःचीही एक अडचण आहे. चित्र काढण्याच्या काही सॉफ्टवेअरमध्ये मात्रा आणि जोडाक्षरे तुटतात. फोटोशॉपमध्ये मजकुराच्या पसंतींमध्ये 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडावे लागते. गिंपमध्ये युनिकोड मजकूर जसा हवा तसा जुळतो आणि डीडीएस निर्यातही तिथूनच होते. छापखान्यातल्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर असेल तर तो थेट चिकटवू नये, आधी चित्ररूपात आणावा. मॉडचे आणि रंगकामाचे दर्शनी नाव मात्र मी रोमनमध्येच ठेवतो.

अक्षरे जवळून पाहिली की त्यांच्या कडांना मळकट किनार दिसते, ही तक्रारही सतत येते आणि तिचे मूळ दाबणीत, म्हणजे चित्राची फाइल लहान करण्याच्या पद्धतीत, आहे. डीडीएस चित्रांची डीएक्सटी ही दाबणीची पद्धत चित्राचे ४ गुणिले ४ पिक्सेलचे तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्यासाठी फक्त दोन टोकाचे रंग साठवून मधल्या छटा त्यांच्यावरून काढते. पिवळ्या अक्षराला लाल कड आणि मागे हिरवी पाटी, अशी आपल्याकडच्या ट्रकवर शोभणारी तिरंगी रचना एकाच तुकड्यात आली की तिसऱ्या रंगाला जागाच उरत नाही. उपाय सोपा आहे आणि देवनागरीला तो विशेष लागू पडतो : शिरोरेषेची जाडी ४ च्या पटीत ठेवावी आणि ती ४ ने भाग जाणाऱ्या पिक्सेलवर सुरू करावी. मग रेषेच्या कडा तुकड्यांच्या सीमेवर पडतात आणि शिरोरेषा रेडियम कापून चिकटवल्यासारखी स्वच्छ येते. कडेची रेघही ४ पिक्सेलपेक्षा बारीक नसावी. दाबणी पूर्ण टाळली तर ४०९६ च्या एका चित्राला मिपमॅपशिवायच (दुरून दाखवायच्या लहान प्रतींशिवायच) ६४ मेगाबाइट लागतात, डीएक्सटी ५ मध्ये १६ आणि अल्फा नको असेल तर डीएक्सटी १ मध्ये ८. तीन केबिन आणि एक ट्रेलर धरला तर कमी मेमरीच्या ग्राफिक्स कार्डावर हा फरक जाणवण्याइतका आहे. चित्राची लांबी-रुंदी २ च्या घातातच असावी आणि निर्यात करताना मिपमॅप चालू ठेवावेत, नाहीतर दूरवरून येणाऱ्या ट्रेलरवरची अक्षरे लुकलुकतात.

रंग फिका का पडतो

हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी रंगाचे आकडे २५५ ने भागून थेट व्याख्या-फाइलमध्ये लिहिलेले असतात. तिथे मात्र रेषीय, म्हणजे प्रत्यक्ष प्रकाशाच्या प्रमाणातले, आकडे अपेक्षित असतात, पडद्यावरचे नव्हेत. उदाहरणार्थ, पडद्यावर लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१ असा भगवा घेतला, तर साध्या भागाकाराने १, ०.६ आणि ०.२ येतात, ते तसेच लिहिले की गाडीवर भगव्याऐवजी फिकट, दुधाळ नारिंगी दिसतो. योग्य रूपांतर केल्यावर आकडे १, ०.३१९ आणि ०.०३३ असे होतात. मधला राखाडी १२८ हाही ०.५ होत नाही, ०.२१६ होतो. रूपांतराचे सूत्र एसआरजीबीचे, म्हणजे पडद्यावरच्या रंगांच्या प्रमाणित पद्धतीचे, नेहमीचेच आहे : २५५ ने भागून आलेल्या संख्येत ०.०५५ मिळवावे, १.०५५ ने भागावे आणि २.४ चा घात घ्यावा. अगदी गडद छटांसाठी, म्हणजे भागाकार ०.०४ च्या आसपास किंवा खाली असेल तेव्हा, नुसते १२.९२ ने भागावे.

ट्रॅक्टर (म्हणजे ट्रेलर ओढणारा ट्रक) आणि ट्रेलर एकाच रंगाचे असूनही जुळत नसतील तर आकड्यांआधी धातुचमक पाहावी. मेटॅलिक रंगात चमकीच्या कणांची दाटी आणि कोनाप्रमाणे बदलणारा दुसरा रंग अशा वेगळ्या नोंदी असतात. ट्रॅक्टरला मेटॅलिक आणि ट्रेलरला साधा रंग दिला, तर आकडे तंतोतंत जुळूनही उन्हात दोन गाड्या दिसतात. दोन्हीकडे एकच प्रकार ठेवावा. रंगाचा निर्णयही फक्त गॅरेजच्या प्रकाशात करू नये. २०२१ मधील १.४० या आवृत्तीने प्रकाशयोजना मुळापासून बदलली आणि त्याआधी जुळवलेले माझे सगळे रंग मला पुन्हा पाहावे लागले. तेव्हापासून मी भर दुपारी, संध्याकाळी आणि पावसात अशा तीन वेळा गाडी बाहेर उभी करून बघतो.

ट्रेलरच्या बाबतीत एवढेच लक्षात ठेवावे, की स्वतःच्या मालकीचे ट्रेलर खेळात २०१८ च्या १.३२ आवृत्तीपासून आले आणि त्यांच्या रंगकामाचे फोल्डर मालवाहतूक कंपन्यांच्या ट्रेलरपेक्षा वेगळे आहे. जुन्या मार्गदर्शिकेतला पत्ता वापरला तर मॉड चालते, पण आपल्या ट्रेलरवर काही उमटत नाही. मागच्या दारावर काय लिहावे हा ज्याच्या त्याच्या हौसेचा भाग; 'हॉर्न ओके प्लीज' लिहिण्यास महाराष्ट्र शासनाने २०१५ साली व्यावसायिक वाहनांवर बंदी घातली, पण कॅलेहून ड्युइसबर्गला जाणाऱ्या आभासी ट्रेलरला ती लागू होत नाही, आणि माझ्या ट्रेलरवर ते पिवळ्या अक्षरांत आहे.

आवृत्ती बदलल्यावर

खेळाची नवी आवृत्ती आली की मॉड व्यवस्थापकात रंगकाम विसंगत म्हणून दिसू लागते. याचा अर्थ प्रत्येक वेळी रंगकाम मोडले असा नसतो. मॅनिफेस्टमधील 'कंपॅटिबल व्हर्जन्स' या ओळीत नव्या आवृत्तीचा क्रमांक नसतो, इतकेच. पण तो क्रमांक आंधळेपणाने वाढवू नये. ट्रकचे मॉडेल नव्याने घडवले गेले असेल, तर त्याची मांडणीही बदललेली असू शकते, म्हणून आधी चाचणीची जाळी चढवून वहीतल्या नोंदींशी ताडून पाहावी. नव्या आवृत्तीत आलेले सुटे भाग आपल्या यादीत नसतात, ते कोरे दिसणारच. काम अर्धवट असेल आणि जुनीच आवृत्ती हवी असेल, तर स्टीमवर, म्हणजे खेळ जिथून उतरवला जातो त्या मंचावर, खेळाच्या गुणधर्मांतील बीटा विभागात मागील आवृत्त्या निवडता येतात.

दोन मॉड एकाच ट्रकच्या एकाच नावाच्या फाइलला हात लावत असतील, तर व्यवस्थापकाच्या यादीत जे वर असेल त्याचे चालते. सर्व काही बरोबर असूनही दुसऱ्याचीच नक्षी दिसत असेल, तर बाकी सगळी मॉड बंद करून फक्त आपले एक चालू ठेवावे. मित्रांबरोबर कॉन्व्हॉयमध्ये खेळायचे असेल, तर मॅनिफेस्टमध्ये मॉड ऐच्छिक असल्याची ओळ घालावी. म्हणजे ज्यांच्याकडे ते नाही त्यांनाही आपल्या सत्रात येता येते, त्यांना आपली गाडी फक्त नक्षीशिवाय दिसते.

शेवटी, रंगकाम काढून टाकण्याविषयी. मॉड बंद करण्याआधी वर्कशॉपमध्ये जाऊन गाडीला खेळातला साधा रंग लावावा, खेळ जतन करावा, प्रोफाइलच्या फोल्डरची एक प्रत बाजूला ठेवावी आणि मगच मॉड यादीतून उतरवावे. तसे न करता मॉड काढले तर गाडी शाबूत राहते, पण रंगकाम गळून पडते, आणि मॉड परत चढवले तरी ते आपोआप परत येत नाही. वर्कशॉपमध्ये जाऊन प्रत्येक गाडीवर नव्याने लावावे लागते. माझ्या गॅरेजमध्ये त्या दिवशी अकरा गाड्या होत्या.